वेगमर्यादेचा वाद आणि नगर जिल्ह्यांतील मार्ग

राजमार्गांवरील वाहनांची वेगमर्यादा वाढवावी किंवा नाहीं, ह्याविषयीं गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशांत बराच वाद झाला. हा विषय इतिहास-संशोधनाच्या त्रैमासिकांत कशास, अशी शंका कांहीं वाचकांस येण्याचा संभव आहे. परंतु गाडी, गाडीवान, गाडीचा धनी व वाटसरू यांच्या परस्पर जबाबदारीचा विचार आपल्या धर्मशास्त्राइतकाच जुना आहे. शिवाय नगर जिल्हा (२०२४ सालापासून अहिल्यानगर) हा जुन्या व नव्या, दोन्ही प्रकारच्या मार्गांनीं व्यापलेला असल्यामुळें ह्या वादाची परीक्षा करण्यास तो विशेष सोईचा आहे. प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें तें एवढेंच कीं, वेगाचा आंकडा हा अलीकडचा पाहुणा आहे. एखाद्या मार्गास किती वेग सोसेल हें मात्र पूर्वीपासून त्या मार्गावरील सर्वांत मंद पांथस्थावरून ठरत आलें आहे.

(१) धर्मशास्त्रांतील विचार

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, श्लोक २९० पासून पुढें, गाडीनें घडलेल्या अपघातांचा विचार आहे. बैलाची वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, गाडी आडवी गेली, अथवा गाडीवानानें बाजूस होण्याविषयीं मोठ्यानें ओरडून सांगितलें, अशा दहा प्रसंगीं दंड नाहीं. परंतु गाडीवानाच्या अकौशल्यामुळें गाडी वाट सोडून गेली व इजा झाली, तर धन्यास दोनशें पण दंड. कुल्लूकानें ह्याचें कारण दिलें आहे तें मार्मिक आहे: अशिक्षित सारथि नेमला हाच धन्याचा अपराध. सारथि कुशल असून अपघात झाला तर दंड त्याचा एकट्याचा. अकुशल असेल तर त्याच्या गाडींत बसणारेहि प्रत्येकीं शंभर पणांस पात्र. पुढील श्लोक तर आजच्या वादास फारच जवळचा आहे. वाटेंत गुरें किंवा दुसरी गाडी आडवी आली असतां प्राणहानि झाली, तर तेथें दंड आहेच. अडथळा होता ही सबब चालत नाहीं.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या चवथ्या अधिकरणांतहि हाच विषय आला आहे. हांकणारा अल्पवयी असेल तर गाडींत बसलेला धनी दंडास पात्र, असा तेथें निर्णय आहे. २०१९ सालच्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १९९-अ हें कलम आलें व अल्पवयी चालकाच्या अपराधाबद्दल पालक व वाहनमालक यांस जबाबदार धरण्यांत आलें. हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ह्या दोन्ही ग्रंथांत वेगाचें माप कोठेंहि नाहीं. माप आहे तें कौशल्याचें, सामग्रीच्या स्थितीचें आणि सावधपणाचें.

(२) मजल व अजुरा

मराठी कागदपत्रांतहि वेग हा ताशीं अमुक कोस असा येत नाहीं. तो मजलींनीं येतो. फौज मजल दरमजल चालते; मजल लांब कीं आखूड, हें बाजारबुणगे, तोफखाना व वैरण यांवरून ठरतें. म्हणजे लष्कराची गति घोडेस्वारावरून नव्हे, तर तोफ ओढणाऱ्या बैलावरून मोजावी लागे. ज्यास ही अट नको असे, तो सडा स्वार होऊन निघे. जासूद-कासिदांची गोष्ट निराळी. अजुरदार जोडीबरोबर अमुक दिवसांत पत्र पोंचविण्याचा करार होई. तेथें राज्यकर्ता वेग विकत घेत होता. त्यास आळा घालण्याचें कारण नव्हतें, कारण धांवत्या कासिदापासून वाटसरूच्या जिवास कांहीं भय नव्हतें.

(३) आंकड्याचा प्रवेश

१८६० च्या भारतीय दंडसंहितेंतील २७९ वें कलम सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणें गाडी हांकण्याबद्दल शिक्षा सांगतें. त्यांतहि आंकडा नाहीं. (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत हाच अपराध २८१ व्या कलमांत आला आहे.) आंकडा प्रथम इंग्लंडांत दिसतो. १८६५ च्या तेथील कायद्यानें यांत्रिक गाड्यांस खेड्यांत ताशीं ४ मैल व गांवांत २ मैल एवढीच मुभा होती, आणि पुढें लाल निशाण घेऊन एक मनुष्य चालावा लागे. १९०३ सालीं मर्यादा २० मैल झाली. १९३० सालीं मोटारींपुरती ती अजीबात उठविण्यांत आली, व १९३४ च्या कायद्यानें दाट वस्तीच्या जागीं ३० मैलांची मर्यादा पुनः घालावी लागली. जेथें पायीं चालणारा आहे तेथें आंकडा परत आला, हें ह्यांतील मर्म आहे.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ७१ व्या कलमानें व आठव्या परिशिष्टानें निरनिराळ्या वाहनांच्या कमाल वेगाचें कोष्टकच घालून दिलें. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १ जून १९४८ रोजीं, राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली ती पुणें-नगर ह्याच मार्गावर. १९८८ च्या कायद्याचें ११२ वें कलम दुहेरी आहे: कमाल मर्यादा केंद्रानें ठरवावी; परंतु लोकांच्या सुरक्षिततेसाठीं, किंवा रस्त्याचें अथवा पुलाचें स्वरूप पाहून, ती कमी करण्याचा अधिकार राज्यास आहे. पुढील वादांत ह्या उत्तरार्धाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

(४) वाद

एप्रिल २०१८ मध्यें केंद्र सरकारनें अधिसूचना काढून मोटारींची मर्यादा द्रुतगति मार्गांवर ताशीं १२० किलोमीटर व दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर १०० किलोमीटर अशी केली. इतर रस्त्यांस ७० ठेवली. २०१९ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाच्या सपाट भागांतील मर्यादा ८० वरून १०० झाली. २०२१ सालीं मद्रास उच्च न्यायालयानें एका अपघाताच्या भरपाईचा निकाल देतांना २०१८ ची अधिसूचना रद्द ठरवून २०१४ ची मर्यादा पुनः आणण्यास सांगितलें. त्याच वर्षीं केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांनीं द्रुतगति मार्गांवर १४० किलोमीटरपर्यंत मुभा असावी असें आपलें वैयक्तिक मत जाहीरपणें मांडलें.

वाढीच्या बाजूचे लोक म्हणतात: रस्ते रुंद झाले, गाड्यांचे ब्रेक सुधारले, जी मर्यादा कोणीच पाळीत नाहीं तिनें सर्वांसच अपराधी करून काय साधावयाचें? ह्यांत तथ्य आहे. उलट पक्ष म्हणतो: आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, ८० चा वेग १२० झाला तर वेग दीडपट, पण आघात सव्वादोनपट. हें गणित निर्विवाद आहे. ह्या पक्षाचें दुसरें प्रमाण म्हणजे सरकारी अहवाल. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं व त्यांतील शेंकडा ७१ हून अधिक मृत्यु अतिवेगाच्या सदराखालीं मांडले आहेत. येथें संशोधकानें जरा थांबावें. मृत्यु खरे, परंतु 'अतिवेग' हें सदर भरणारा पंचनामा घटनेनंतर लिहिला जातो, आणि लेखकाच्या सोईचें सदर कसें फुगतें हें जुनीं दफ्तरें चाळणारास सांगावयास नको.

(५) दोन मार्ग

आतां नगर जिल्ह्याकडे वळूं. कोपरगांव तालुक्यांतून समृद्धि महामार्ग जातो. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं व संपूर्ण ७०१ किलोमीटरांचा मार्ग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. मोटारींस तेथें १२० ची मुभा मिळाली. परंतु ती कशाच्या मोलानें, हें पाहिलें पाहिजे. दुचाकी, तीनचाकी, बैलगाडी, पादचारी ह्या सर्वांस त्या मार्गावर मज्जाव आहे. मंद मनुष्यास दूर केलें, तेव्हां आंकडा वाढला. एवढें करूनहि १ जुलै २०२३ रोजीं सिंदखेडराजानजीक बस उलटून पेटली व २५ माणसें दगावलीं. टायर फुटल्याचें चालकाचें म्हणणें परिवहन खात्याच्या अहवालानें मान्य केलें नाहीं. त्याच वर्षीं झिजलेल्या टायरांच्या गाड्यांस प्रवेश नाकारण्याची मोहीम झाली. आंस मोडल्यास मनूनें क्षमा सांगितली आहे. आंस मोडकी आहे हें पाहूनहि निघालेल्यास ती लागू पडेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

त्याच कोपरगांवाहून राहुरीमार्गें नगरास येणारा मनमाड-नगर रस्ता पाहावा. त्यावर उसाच्या बैलगाड्या आहेत, ट्रॅक्टरामागें दोन-दोन ट्रॉल्या आहेत, शाळेचीं मुलें आहेत, शिर्डीस पायीं निघालेले साईभक्त आहेत. आणि आषाढी जवळ आली म्हणजे त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी ह्याच जिल्ह्यांतून पंढरपुरास जाते. येथें कोणासहि मज्जाव नाहीं व करतांहि येणार नाहीं, कारण ह्या लोकांस दुसरी वाट नाहीं. तेव्हां गुरें आडवीं आलीं ही सबब न मानणारा जुना दंडक येथें अक्षरशः लागू आहे.

तात्पर्य, 'मर्यादा वाढवावी कीं नाहीं' हा प्रश्न साऱ्या देशास एकदम विचारणें हीच मूळ चूक होय. ज्या मार्गावरून मंद पांथस्थ वेगळा काढून त्यास दुसरी वाट दिली आहे, तेथें वाढीचा पक्ष ऐकून घेण्यास हरकत नाहीं. मात्र चालकाची विश्रांति व वाहनाची तपासणी यांची हमी आधीं पाहिजे. जेथें तो अद्याप चालत आहे, तेथें आंकडा त्यास विचारून ठरला पाहिजे. ११२ व्या कलमाचा उत्तरार्ध ह्याचसाठीं आहे.

(६) एक विनंति

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. पुण्याच्या अलीकडचा-पलीकडचा एकेक पेशवाई कागद आपण जिवापाड जपतों. परंतु ह्या विषयाचीं नजीकचीं साधनें डोळ्यांदेखत नष्ट होत आहेत. रस्ते रुंद करतांना जुने मैलाचे दगड उपटले जातात. मोटार-सर्व्हिसांचे परवाने, लोकल बोर्डांचे रस्त्यांविषयींचे ठराव, एस. टी. चीं आरंभींचीं वेळापत्रकें रद्दींत जातात. पुणें-नगर प्रवासास १९४८ त किती वेळ लागे हें सांगणारें वेळापत्रक कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं त्याची नक्कल मंडळाकडे अवश्य धाडावी. मैलाच्या दगडांची टिपणें व छायाचित्रेंहि उपयोगी पडतील. गति कशी वाढत गेली हें उद्यांच्या संशोधकास त्यांवरूनच सांगतां येईल. आणि ती वाढतांना वाट कोणाची गेली, हेंहि.