खडूची रेघ आणि ट्यूबलाइटचा उजेड

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, पुढे पद्मिनी, मुंबईची टॅक्सी म्हणून दशकानुदशके राबली. तिच्या डॅशबोर्डवर वेगाचा काटा होता, पेट्रोलचाही होता. इंजिन मिनिटाला किती फेरे घेते हे सांगणारा काटा मात्र नव्हता. वसई-विरारच्या हायवेलगतच्या गॅरेजांत अशी गाडी आली की मिस्त्रीला तिचा ‘स्लो’ लावावा लागे. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन बंदही पडू नये आणि उगाच रेसही होऊ नये, असा हा वेग. चार सिलिंडरच्या या जुन्या इंजिनांत तो साधारण 700 ते 800 फेऱ्यांचा.

पहिले साधन कान. चार सिलिंडरचे इंजिन दर फेऱ्याला दोन ठिणग्या टाकते, म्हणजे 750 फेऱ्यांना सेकंदाला 25. एवढे ठोके कुणालाच मोजता येत नाहीत, पण त्यांतला बदल कानाला लगेच कळतो. मिस्त्री कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू फिरवत जाई. आवाज चढे, एका जागी सर्वांत वर जाई आणि मग पडू लागे. ती वरची जागा धरून दुसऱ्या स्क्रूने वेग खाली आणायचा. डायनॅमोच्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवाही साक्षीला असे. स्लो फार खाली गेला की तो लुकलुकू लागतो.

वाडीतल्या विहिरीवर रहाट जाऊन तेलाचे इंजिन आले, तिथे मोजण्याचे काम सोपे होते. एका सिलिंडरचे 650 फेऱ्यांचे इंजिन सेकंदाला पाचसहा ठोके देते. कागदावर पेन्सिल सरकवत दर ठोक्याला एक टिंब द्यायचे आणि घड्याळात दहा सेकंद झाले की थांबायचे. अशा इंजिनाला दर दोन फेऱ्यांना एक ठोका, म्हणून टिंबांना बाराने गुणायचे. 54 टिंबे भरली तर 648 फेरे.

कारसाठी आकडा हवा असेल तर एक फार सुंदर युक्ती आहे, आणि तिला लागतो खडू. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर खडूची एकच रेघ ओढायची आणि अंधारात त्या उजेडात पाहायचे. बरोबर 1000 फेऱ्यांना एकीच्या सहा फिकट रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, 857 ला सात, 750 ला आठ. रेघा पुलीच्या दिशेने हळूहळू सरकल्या तर वेग जरा जास्त, उलट्या सरकल्या तर कमी. प्लाटो आणि श्टाम्फर या शास्त्रज्ञांनी 1832 मध्ये, एकमेकांना न कळता, शोधलेले हे स्ट्रोबोस्कोपचे तत्त्व ग्रामोफोनवाल्यांनीही वापरले. त्यांच्या 77 पट्ट्यांच्या तबकडीवरून 78 चा वेग जुळवता येई. याला कुणी जुगाड म्हणून बाजूला सारू नये. कसोशीने केलेले हे मापनच आहे.

अर्थात, ही मोजपट्टी वीज मंडळाच्या हातात होती. जुलै 2002 मध्ये पश्चिम ग्रिडला वारंवारतेशी जोडलेला दर लागू होण्याआधी, संध्याकाळच्या भाराखाली वारंवारता 49 हर्ट्झच्याही खाली जाई. 49 वर त्याच आठ रेघांचा अर्थ 735 फेरे. फरक दोन टक्क्यांचा, कार्बोरेटरला चालण्यासारखा. त्यानंतरच्या वर्षांत मुंबई उजळलेली असताना खाडीपलीकडे वसईत भारनियमन असे, तेव्हा उरे तो कानच.

ट्यूबलाइटच्या या गुणात धोकाही आहे. त्याच उजेडात फिरता पंखा उभा असल्यासारखा भासू शकतो. वालीव-सातिवलीसारख्या औद्योगिक वस्तीतल्या लेथलाही हेच लागू पडते. म्हणून कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडण्याची पद्धत पडली.

1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी स्लोला कायद्याचे वजन दिले. पेट्रोल गाडीचा धूर इंजिन स्लोवर असतानाच तपासायचा आणि चारचाकीत कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा तेव्हाचा नियम होता. पीयूसी करण्याआधी स्क्रू फिरवून घेण्याचे काम गॅरेजवाल्यांकडे आले ते यातून.

पुढे फ्युएल इंजेक्शन आले आणि स्लो संगणक ठरवू लागला. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब सेकंदाला हजारो वेळा उजळतात, त्यांच्या उजेडात खडूची रेघ नुसती पुसट चकती होते. पद्मिनी जपणाऱ्या एखाद्याला ही युक्ती आज करून पाहायची असेल, तर जड तांब्याच्या चोकची जुनी पट्टी शोधावी लागेल.