जड हवेच्या लहरी

‘गुरुत्व लहरी’ म्हटलं की मराठी वाचकाला हमखास आइन्स्टाइन आठवतो. 2015 साली लायगो वेधशाळेनं टिपलेल्या, कृष्णविवरांकडून आलेल्या त्या लहरींसाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ वेधशाळा व्हायची आहे. पण कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी चांदणं नसलेल्या रात्री आभाळाकडे कॅमेरा लावून ज्या लहरी टिपल्या, त्यांचा कृष्णविवरांशी सुतराम संबंध नाही. त्या हवेच्या लहरी. इंग्रजीनं दोन्हींना जवळजवळ एकच नाव दिलं आणि आपण तो घोळ तसाच उचलला.

वास्तविक संस्कृत ‘गुरु’ म्हणजे मुळात जड. शिकवणारा गुरु मागाहून आला. लॅटिन ‘ग्राव्हिस’ आणि ग्रीक ‘बारुस’ ही त्याचीच भावंडं, म्हणून ग्रॅव्हिटी आणि बॅरोमीटर एकाच कुळातले. ‘गुरु’चं तमभावी रूप ‘गरिष्ठ’. बासुंदीच्या तिसऱ्या वाटीनंतर त्याचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

हवेच्या लहरीत हा जडपणाच सगळं काम करतो. डोंगराला अडून किंवा गडगडाटी ढगाच्या रेट्यानं हवा वर ढकलली जाते. वरच्या विरळ हवेत ती जड ठरते, खाली येते, त्याच झोकात आपली पातळी ओलांडते, मग भोवतालापेक्षा हलकी ठरून पुन्हा वर. हे हेलकावे वरवर चढतात आणि हवा विरळ होत जाईल तसे मोठे होतात. सुमारे 87 किलोमीटरवर हायड्रॉक्सिलचा मंद उजेड असतो, 97च्या आसपास ऑक्सिजनचा हिरवा. लहर त्यातून गेली की तिथलं तापमान नि घनता बदलते, आणि कॅमेऱ्याला उजळ-काळसर पट्टे सरकताना दिसतात.

या उजेडाला नाव उशिरा मिळालं. शास्त्रज्ञ ऑंगस्ट्रॉमनं त्याच्या वर्णपटातली हिरवी रेषा 1868मध्ये पाहिली. पुढे कित्येक वर्षं त्याला कायमचा ध्रुवप्रकाश समजत. ‘एअरग्लो’ हा शब्द 1950चा. ‘वायुदीप्ती’ हा आपला प्रतिशब्द इतक्या फिकट उजेडाला अंमळ भारीच वाटतो. ‘वायुआभा’ चाललं असतं.

लहरींचा घोळ मात्र मराठीत सहज सुटतो. आइन्स्टाइनच्या त्या ‘गुरुत्वाकर्षण लहरी’, कारण तिथं प्रश्न आकर्षणाचा आहे. कोल्हापूरच्या लहरींना नुसतं ‘गुरुत्व’ पुरे.