कोयत्यात न मोजलेले मूल

११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपाने सातारा जिल्हा देशाच्या नजरेत आला. १९६८मध्ये बियाफ्रातील भुकेल्या मुलांच्या छायाचित्रांनी जग हेलावले. करुणेला घटना लागते. मराठवाड्यातून सातारा-सांगलीच्या उसाच्या फडांवर आईबापांसोबत येणाऱ्या मुलांचे हाल दर हंगामाचेच असल्याने ‘घटना’ ठरत नाहीत. मुकादमाची उचल ‘कोयत्या’वर ठरते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. या गणनेत मूल नाही. खोपीपाशी धाकटे भावंड सांभाळणारी मुलगीही नाही. साखरशाळांच्या हजेरीपटावर काहींची नावे आली, तीही हंगामापुरती. वृत्तपत्रीय दप्तरावर विसंबणारे इतिहासलेखन ही उपेक्षा पुढे चालवते. त्याला मुकादमाची वहीही वाचावी लागेल, आणि तीत कोण गाळले गेले हे विचारावे लागेल.