मार, गाठ आणि चित्र

फॅनी बर्नी हे नाव इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना 'एव्हलिना' (१७७८) या कादंबरीमुळे परिचित असते. आम्हांला मात्र तिच्या कादंबऱ्यांपेक्षा १८१२ साली तिने आपल्या बहिणीला, एस्थरला, पाठवलेले एक दीर्घ पत्र अधिक अस्वस्थ करते. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये, राहत्या घरी, भूल न देता तिचा उजवा स्तन काढण्यात आला. शस्त्रक्रिया करणारा डॉमिनिक लारे हा नेपोलियनच्या सैन्याचा शल्यविशारद. रणांगणावर जखमींचे हातपाय कापण्यात ज्याचा हात बसला होता, त्याच हाताने ही गाठ काढली. पुढे २८ वर्षे जगून बर्नी १८४० मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी वारली. ती गाठ खरोखरच कर्करोगाची होती काय, ही शंका अभ्यासकांनी पुढे उपस्थित केली, ती या दीर्घायुष्यामुळेच. लारेपाशी पुरावा होता तो रुग्णाच्या वेदनेचा आणि बोटांना जाणवणाऱ्या काठिण्याचा. त्यापलीकडे पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते.

जखम आणि कर्करोग यांची सरमिसळ वैद्यकात फार जुनी आहे. 'मार लागला आणि गाठ झाली' ही केवळ घरगुती समजूत नव्हती. एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरही आघाताला कर्करोगाच्या कारणांत स्थान देत. पुढे नुकसानभरपाईचे दावे न्यायालयांत येऊ लागले, तेव्हा हा प्रश्न पैशाचाही झाला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग यांनी १९३५ साली असा संबंध मानण्यासाठी कठोर अटी मांडल्या : आघात खरोखर झालेला असावा, ती जागा आधी निरोगी असावी, गाठ नेमकी तिथेच उद्भवावी, मधला काळ संभवनीय असावा. आज स्तनाला लागलेल्या माराने कर्करोग होतो असे मानले जात नाही. मार लागल्यावर हात तिथे जातो आणि आधीच असलेली गाठ सापडते, एवढेच बहुधा घडते.

परंतु याच रुग्णालयातील बर्टन ली आणि फ्रँक अडेर यांनी १९२० साली या नात्याची दुसरी बाजू दाखवली होती. माराने कर्करोग होत नसला, तरी मार कर्करोगाचे सोंग घेऊ शकतो. आघाताने मेदपेशी फुटतात, त्यांतील स्निग्ध द्रव्य बाहेर येते, भोवती दाह होतो आणि शरीर त्या जागेला तंतुमय व्रणाची भिंत घालते. वैद्यकात याला 'फॅट नेक्रोसिस' म्हणतात. ही गाठ कठीण असते, पुष्कळदा दुखत नाही, कधी वरची त्वचाही आत ओढून घेते. कर्करोगाची म्हणून शिकवली जाणारी लक्षणेही हीच. केवळ एका व्रणापायी स्त्रीला स्तन गमवावा लागण्याचा धोका यातून उघड झाला.

मग चित्र आले. बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सालोमॉन यांनी १९१३ साली शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३००० स्तनांच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत कॅल्शियमचे सूक्ष्म कण दिसत होते. त्यांचे महत्त्व युराग्वेच्या राऊल लेबोर्न यांनी शतकाच्या मध्यास विशद केले. सालोमॉन यांच्यासमोर होते ते देहापासून वेगळे झालेले अवयव. अमेरिकेत रॉचेस्टर येथे स्टॅफर्ड वॉरन यांनी १९३० साली शस्त्रक्रियेपूर्वी, जिवंत स्त्रियांची चित्रे घेतली. १९६० साली ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी तंत्र इतके सुधारले की ते इतरांनाही तसेच वापरता येऊ लागले.

चित्राने सोंग उघडे पाडले काय? पुष्कळ वेळा, होय. मेदाने भरलेली काळी पोकळी आणि भोवती अंड्याच्या कवचासारखी पातळ पांढरी कड दिसली, की ती निरुपद्रवी म्हणून ओळखता येते. मोटारीच्या अपघातानंतर सीटबेल्टच्या रेषेत तिरपा पट्टा उमटतो. पट्टा कोणत्या खांद्यावरून उतरला यावरून ती स्त्री गाडीत कोणत्या बाजूला बसली होती, हेही कळू शकते. परंतु काही व्रण काटेरी कडांचे, वेडेवाकडे कण बाळगणारे असतात, आणि तिथे अनुभवी नजरही फसते. अशा वेळी ऊतीचा तुकडा काढून तपासणे हाच निवाडा.

ऊतीचा तुकडा हाच निवाडा असला, तरी त्याआधी एक प्रश्न विचारावाच लागतो : येथे पूर्वी मार लागला होता काय, शस्त्रक्रिया झाली होती काय? या उत्तराने निदान सिद्ध होत नाही; उलट, 'लागलेच होते' या समाधानात गाठ दुर्लक्षित राहते आणि खरा कर्करोग वाढतो. त्यामुळे वृत्तान्तावर चित्राचा अंकुश हवा. पण चित्रालाही वृत्तान्त हवा, कारण छायेला स्वतःचा भूतकाळ सांगता येत नाही. आणि हा वृत्तान्त नेहमी मिळतोच असे नाही. लहानसा मार विसरला जातो. घरात खाल्लेला मार पुष्कळदा सांगितलाच जात नाही. तपासणीच्या कागदावरील तो रकाना मग कोरा राहतो.

बर्नीला आपली हकिकत कागदावर उतरवायला कित्येक महिने लागले. ती गाठ कसली होती, हे त्या पत्रावरून सिद्ध होत नाही. पण लारेच्या सुरीखाली कोण होते आणि तिने काय सोसले, हे आज आपल्याला माहीत आहे ते तिने तो कागद कोरा ठेवला नाही म्हणून.