थकवा, दैनंदिन

विशेष श्रम न करताही जाणवणारा, कोणत्याही एका रोगाकडे सहज बोट न दाखवता येणारा शीण. कष्टाने आलेला थकवा रात्रभराच्या झोपेने उतरतो; हा मात्र पुष्कळदा सकाळी उठतानाच अंगात भरलेला असतो. त्याची मुळे बहुधा झोप, खाणेपिणे आणि हालचाल यांच्या रोजच्या घडीत सापडतात.

प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप लागते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे द्रव्य साचत जाते, तसतशी झोपेची ओढ वाढते. झोपेत ते ओसरते. झोप तोकडी पडली की दिवसाची सुरुवातच पेंगुळलेली होते. कसारा, कर्जत, विरारहून पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणाऱ्याला ‘लवकर झोपत जा’ सांगणे सोपे आहे. घरी पोचायलाच त्याला रात्र होते. रविवारी दुपारपर्यंत झोपून ही तूट भरू पाहिली, तर शरीराचे घड्याळ मागे सरकते, त्या रात्री झोप उशिरा लागते आणि सोमवार जड जातो. त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी वीसेक मिनिटांची वामकुक्षी बरी. ती तासभर लांबल्यास गाढ झोपेतून उठावे लागते व जडपणा वाढतो. चरकसंहितेत दिवसा झोपण्याची मुभा ग्रीष्म ऋतू सोडता मोजक्यांनाच आहे. त्या यादीत वाटचालीने दमलेल्यांचाही समावेश आहे, हे लोकलच्या प्रवाशांनी ध्यानात ठेवावे.

थकव्यावर घरोघरी होणारा पहिला उपाय म्हणजे चहा, आणि तोच पुष्कळदा दुखण्यात भर घालतो. त्यातील कॅफीन अ‍ॅडेनोसिनला मेंदूतील त्याच्या जागी बसू देत नाही. साचलेले अ‍ॅडेनोसिन मात्र कायम राहते. थकवा जात नाही, त्याची जाणीव पुढे ढकलली जाते. शरीरातील निम्मे कॅफीन निघून जायला सरासरी ५ तास लागतात, म्हणून संध्याकाळी सहाच्या चहातले अर्धे कॅफीन रात्री अकरालाही अंगात असते. कटिंग लहान खरे, पण कचेरीत ते किती वेळा होते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. दुपारनंतर चहा-कॉफी थांबवून पाहणे, हा या नोंदीतील सर्वांत स्वस्त उपाय.

चहाचा दुसरा उपद्रव लोहाशी निगडित आहे. त्यातील टॅनिनसारखी द्रव्ये अन्नातील लोहाला बांधून ठेवतात व ते आतड्यात कमी शोषले जाते. पोह्यांवर पिळलेले लिंबू लोहाच्या शोषणाला मदत करते आणि लगेच घेतलेला चहा त्यावर पाणी फिरवतो. दोहोंत तासाभराचे अंतर ठेवावे. हा मुद्दा किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. घरात सर्वांत आधी उठून सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईचा थकवा ‘कामाचा शीण’ म्हणून सोडून दिला जातो. प्रत्यक्षात आधी तिचे हिमोग्लोबिन तपासायला हवे. डाळी, पालेभाज्या, हळीव, अंडी, मांस यांतून लोह मिळते, पण रक्तक्षय जडल्यावर केवळ आहार सहसा पुरत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्या लागतात. दूधदुभतेही बेताचे असलेल्या शाकाहारी माणसात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असाच थकवा आणते.

बैठ्या कामाने दम कमी होतो आणि मग जिनाही थकवतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते; झपाझप चालणे त्यात धरले जाते. उन्हाळ्यात पाणी कमी पडल्यानेही मरगळ येते.

या साऱ्यात फेरफार करूनही काही आठवड्यांत फरक न पडल्यास, किंवा सोबत वजन घटणे, धाप लागणे, वारंवार लघवीला होणे अशी लक्षणे असल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. अवटू ग्रंथीचे (थायरॉइडचे) विकार, मधुमेह व नैराश्य यांत थकवा हे आरंभीचे लक्षण असू शकते. मोठ्याने घोरणाऱ्या आणि पुरेसे झोपूनही दिवसा पेंगणाऱ्या व्यक्तीचा श्वास झोपेत वरचेवर अडत असण्याचा संभव असतो; त्याचे निदान झोपेच्या चाचणीने होते.