लक्ष गेलें कोठें? चंचल बालकांच्या अभ्यासाचा इतिहास

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. धानाच्या बांध्या संपल्या कीं बोडी लागते, आणि बोडीच्या पाळीवर गळ टाकून बसलेला आठ-नऊ वर्षांचा एखादा मुलगा दिसतो. घटका घटका त्याची नजर पाण्यावरून ढळत नाहीं. तोच मुलगा दुसऱ्या दिवशीं वर्गांत बसला, म्हणजे पांच मिनिटांत उठतो, शेजाऱ्याची वही ओढतो, प्रश्न पुरा होण्यापूर्वींच उत्तर देतो आणि स्वतःची पेन्सिल कोठें ठेवली हें विसरतो. गुरुजी म्हणतात, ‘ह्याला लक्षच नाहीं.’ आई म्हणते, ‘दंडार पाहतांना रात्रभर ह्याचा डोळा लागत नाहीं, मग पुस्तकापुढेंच काय होतें?’ दोघांचेंही म्हणणें खरें असतें. मात्र ह्या दोन सत्यांचा मेळ घालण्यास वैद्यकशास्त्राला जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं; आणि तेवढ्या काळांत असंख्य मुलांनीं छड्या खाल्ल्या.

मनाचें चांचल्य भारतीयांस अपरिचित नाहीं. गीतेंत अर्जुनासारखा वीरही त्याविषयीं तक्रार करतो. पण तेथें प्रश्न प्रौढ साधकाचा आहे. बालकाच्या चांचल्याकडे वैद्याच्या दृष्टीनें प्रथम पाहणाऱ्यांत अलेक्झांडर क्रायटन ह्या स्कॉटिश वैद्याचें नांव येतें. 1798 मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें एक प्रकरण ‘लक्ष’ ह्याच विषयाला दिलें. एका विषयावर स्थिर राहण्याची अक्षमता जन्मजात असूं शकते, ती शिक्षणाच्या आड येते आणि वयाबरोबर बहुधा कमी होते, असें त्यानें नमूद केलें. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हाइनरिख होफमान ह्या जर्मन डॉक्टरानें बालकांच्या चित्रपुस्तकांत जेवणाच्या मेजावर चुळबूळ करणारा फिलिप रंगविला. त्या खोडकर पोराला वाचकांनीं हंसून घेतलें. त्याचें दुःख कोणीं विचारलें नाहीं.

1902 मध्यें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें जॉर्ज स्टिल ह्यांनीं तीन व्याख्यानें दिलीं. बुद्धि शाबूत असूनही स्वतःला आवरूं न शकणाऱ्या मुलांचें वर्णन त्यांनीं केलें. त्यांचीं हीं मुलें आजच्या व्याख्येंत तंतोतंत बसत नाहींत, आणि त्यांनीं दोष नैतिक संयमाचा मानला. तथापि त्याचें मूळ केवळ लाडांत नसून शरीरांत असूं शकतें, हा विचार तेथें ठसठशीतपणें मांडला गेला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूच्या दाहाची सांथ आली. तींतून वांचलेलीं कांहीं मुलें पूर्वीचीं शांत असून अनावर झालीं. त्यावरून प्रत्येक चंचल मुलाच्या मेंदूला किंचित् इजा झालेली असावी, असा तर्क रूढ झाला व पुढें तो अपुरा ठरला.

1937 मध्यें एक अनपेक्षित गोष्ट घडली. अमेरिकेंत चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मुलांच्या डोकेदुखीवर बेंझेड्रीन हें उत्तेजक औषध देत होते. डोकेदुखी राहिली नाहीं असें नव्हे. पण कित्येक मुलांचा अभ्यास सुधारला व तीं शांत झालीं. उत्तेजकानें शांति यावी, हें चमत्कारिक वाटतें. मेंदूंतील आवर घालणारी यंत्रणाच सुस्त असेल, तर तिला जागें केल्यानें मूल स्थिर होतें, असा त्याचा उलगडा आज सांगतात.

नांवेंही बदलत गेलीं. 1968 मध्यें अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तिकेंत भर हालचालीवर होता. 1972 मध्यें कॅनडांतील व्हर्जिनिया डग्लस ह्यांनीं खरी अडचण लक्ष टिकविण्याची व आवेग रोखण्याची आहे, असें प्रतिपादिलें. 1980 मध्यें नांवांत ‘लक्ष’ आलें. 1987 पासून ‘एडीएचडी’ हें नांव चाललें. ह्या बदलामुळें खिडकीबाहेर पाहत मुकाट बसणारी मुलगीही ह्या विचारांत आली. पूर्वीं ती कोणालाच त्रास देत नसल्यामुळें दिसतच नव्हती.

महाराष्ट्रांत ह्याच प्रश्नाकडे एक वाट शाळेकडून आली. ताराबाई मोडक ह्यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्यासमवेत माँटेसरी-पद्धतीचें काम केलें, आणि 1945 मध्यें तत्कालीन ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालवाडी उभारली. पुढें अनुताई वाघ ह्यांच्यासह कोसबाडला गुरें राखणाऱ्या वारली मुलांसाठीं कुरणशाळा चालविली. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें कुरणांत जावें, हा त्यांचा न्याय होता. त्यांच्यापुढें हा विकार नव्हता, दारिद्र्य होतें. तरी मुलाच्या हातांना काम व पायांना मोकळीक दिली कीं लक्ष आपोआप येतें, हा त्यांचा अनुभव येथें मोलाचा ठरतो.

आजचें शास्त्र सांगतें कीं, अशा मुलाजवळ लक्षाचा तुटवडा नसतो. लक्ष इच्छेप्रमाणें वळविण्याची व धरून ठेवण्याची शक्ति अपुरी असते. गळाची दोरी क्षणांत हालेल, हें आमिष मेंदूला तत्काळ मिळतें; वार्षिक परीक्षेचें फळ दूर असतें. डोपामीन व नॉरॲड्रेनलीन हीं रसायनें ह्या व्यवहारांत गुंतलेलीं आहेत. 2007 मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या चित्रांच्या अभ्यासांत, अशा मुलांच्या मेंदूचा बाह्य थर सरासरीनें सुमारें तीन वर्षें उशिरां परिपक्व होतो, असें आढळलें. हा विकार घराण्यांत उतरतो. आईबापांच्या वळणाचा तो दोष नव्हे. अर्थात् प्रत्येक खोडकर मूल रोगी नव्हे. लक्षणें बारा वर्षांच्या आंत दिसावीं, घरीं व शाळेंत दोन्हीकडे असावीं आणि जीवनांत खरी अडचण करावीं, अशी कसोटी आहे. ती तज्ज्ञानेंच लावावी. औषधही त्याच्याच सल्ल्यानें द्यावें.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास बंदी केली आहे. परंतु छडी गेली तरी ‘आळशी’, ‘निर्लज्ज’ हे शब्द जाण्यास कायदा पुरत नाहीं. पुढच्या बांकावर जागा, एका वेळीं एकच सूचना, कामाचे लहान तुकडे, मधून पाणी आणण्याचें निमित्त आणि झालेल्या कामाची ताबडतोब शाबासकी, एवढें कोणत्याही गांवच्या शाळेला परवडतें. बोडीकाठीं बसणारा तो मुलगा लक्ष देऊं शकतो, हें त्यानें सिद्ध केलेंच आहे. वर्गांत तें कसें यावें, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीं.