पहारेकऱ्याची आई

१/ जानेवारी १९४३. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील वॉटर्लू या गावी राहणाऱ्या अलेटा सुलिवन यांनी नौदलाच्या कार्मिक विभागास एक पत्र लिहिले. जॉर्ज, फ्रँक, जो, मॅट आणि अल हे त्यांचे पाचही मुलगे ‘जूनो’ या एकाच युद्धनौकेवर होते. कित्येक आठवडे एकाचेही पत्र आले नव्हते. गावातील दुसऱ्या एका आईने घरी येऊन त्यांना सांगितले होते, की तिच्या मुलाच्या पत्रात सुलिवन बंधू मारले गेल्याची वार्ता आहे. अलेटाबाईंनी नौदलाला एवढेच विचारले : हे खरे आहे काय?

२/ मित्रहो, या प्रसंगातील एक तपशील आपल्या नजरेतून सहसा निसटतो. बातमी प्रथम आणली ती नौदलाने नव्हे, एका आईने. सरकारी यंत्रणा मौन धरून बसली असताना आयांनी एकमेकींना सांभाळण्यासाठी जे जाळे विणले, त्याचा हा इतिहास आहे. त्याचा शेवट नौदलातील एका दुर्लक्षित पेशापाशी होतो. तो पेशा म्हणजे नौदलाच्या सुरक्षेचे काम करणारे नौसैनिक, अर्थात ‘मास्टर-ॲट-आर्म्स’.

३/ आधी ‘जूनो’चे काय झाले ते पाहू. १३ नोव्हेंबर १९४२ रोजी ग्वाडलकनालच्या नौयुद्धानंतर परतत असताना जपानी पाणबुडीच्या पाणतीराने ही नौका फुटली आणि क्षणार्धात बुडाली. शंभराच्या आसपास माणसे पाण्यात जिवंत होती. परंतु त्यांच्या सुटकेस अक्षम्य विलंब झाला आणि अखेरीस केवळ दहा जण वाचले. जवळजवळ सातशे नौसैनिक गेले. शत्रूला आपली हानी कळू नये म्हणून ही बातमी दोन महिने दाबून ठेवण्यात आली. लष्करी दृष्टीने हे मौन समजण्यासारखे होते. पण त्या मौनाची किंमत आयांनी मोजली.

४/ अलेटाबाईंच्या पत्राला खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे उत्तर आले. त्याच सुमारास नौदलाचे तीन जण त्यांच्या दारात उभे राहिले. पाचपैकी एकही मुलगा परतणार नव्हता. त्याच पत्रात अलेटाबाईंनी आणखी एक गोष्ट लिहिली होती. ‘तवासा’ या नौदलाच्या जहाजाचे नामकरण त्यांच्या हस्ते ठरले होते, आणि बातमी खरी असली तरी आपण जाऊ, असे त्यांनी कळवले होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्या खरोखरच गेल्या.

५/ आयांच्या संघटनांची मुळे त्याहून जुनी आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ओहायोच्या रॉबर्ट क्वाइसर या लष्करी अधिकाऱ्याने खिडकीत लावण्याचे एक निशाण तयार केले. लाल किनार, पांढरी भूमी आणि सैन्यात असलेल्या प्रत्येक अपत्यासाठी एक निळा तारा, असे त्याचे रूप होते. अपत्य मृत्यू पावले की निळ्याच्या जागी सोनेरी तारा येई. रस्त्याने जाणाऱ्याला न विचारताच कळे, की या घरात कोण वाट पाहते आहे आणि कोणाचे वाट पाहणे संपले आहे.

६/ ग्रेस डार्लिंग सीबोल्ड यांचा वैमानिक मुलगा १९१८ साली फ्रान्समध्ये मारला गेला. ते निश्चितपणे कळण्यापूर्वी त्या वॉशिंग्टनमधील रुग्णालयांत जखमी सैनिकांची सेवा करू लागल्या होत्या. न जाणो, त्यांतच आपला मुलगा सापडेल! मृत्यूची खात्री पटल्यावरही त्यांनी ते काम सोडले नाही. समदुःखी आयांना त्यांनी एकत्र आणले आणि १९२८ मध्ये पंचवीस जणींनी ‘अमेरिकन गोल्ड स्टार मदर्स’ ही संघटना स्थापन केली.

७/ या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. ती झाकून ठेवणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकी सरकारने साडेसहा हजारांहून अधिक माता आणि विधवांना स्वखर्चाने युरोपात, त्यांच्या मुलांच्या आणि पतींच्या कबरींपर्यंत नेले. मात्र कृष्णवर्णीय मातांची व्यवस्था निराळी होती, त्यांची जहाजे वेगळी आणि कमी दर्जाची. कित्येक जणींनी या अपमानास नकार देऊन प्रवासावरच पाणी सोडले. मुलगा देशासाठी गेला तरी आईला समान दुःखाचा अधिकार मिळेलच असे नव्हते.

८/ १९३० सालीच टेक्सासमधील मॅकॲलन येथे एमा जोन्स यांनी नौसैनिकांच्या आयांचा ‘नेव्ही मदर्स क्लब’ सुरू केला. नौसैनिकाच्या आईची विवंचना पायदळातील सैनिकाच्या आईपेक्षा थोडी वेगळी असते. छावणी नकाशावर दाखवता येते, जहाज दाखवता येत नाही. पत्र लिहायचे ते जहाजाच्या नावावर, आणि ते जहाज आज कोठे आहे हे विचारायचे नाही. ही अनिश्चितता जिने स्वतः भोगली आहे, तीच दुसरीला धीर देऊ शकते. असे क्लब या साध्या जाणिवेवर उभे राहिले.

९/ पर्ल हार्बरनंतर लगेचच, १९४२ च्या आरंभी, मिशिगनमधील फ्लिंट शहरात एका वृत्तपत्रीय आवाहनास प्रतिसाद देऊन सुमारे तीनशे आया एकत्र आल्या. यातून ‘ब्लू स्टार मदर्स’ ही संघटना जन्मास आली. आघाडीवर जाणाऱ्यांचा निरोप, त्यांच्यासाठी पुडकी बांधणे, रुग्णालयांत स्वयंसेवा असे तिच्या कामाचे स्वरूप होते. १९६० मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिला अधिकृत सनद दिली. आरंभी ही कामे ‘बायकांची हौस’ म्हणून पाहिली गेली असतील. पण युद्धकाळात घरोघरी माणसांचे मनोबल टिकले, त्यात अशा हौसेचा वाटा मोठा होता.

१०/ येथे एक गैरसमज दूर करू. सुलिवन बंधूंच्या मृत्यूनंतर ‘सुलिवन कायदा’ झाला आणि भावांना एकाच जहाजावर नेमण्यास बंदी आली, असे वारंवार सांगितले जाते. असा कोणताही कायदा झाला नाही. १९४८ मध्ये युद्धात भाऊ गमावलेल्या घरातील एकमेव उरलेल्या मुलास सक्तीच्या भरतीतून सूट मिळाली. ती गोष्ट वेगळी. एक मात्र खरे : एप्रिल १९४३ मध्ये ‘द सुलिवन्स’ या विनाशिकेचे जलावतरण झाले, आणि ते अलेटाबाईंच्याच हस्ते झाले.

११/ आता ‘मास्टर-ॲट-आर्म्स’कडे वळू. जहाजावर शिस्त राखणारा हा अधिकारी ब्रिटिश परंपरेतून आला. अमेरिकी नौदलात त्याचे पद १७९७ पासूनचे. शिक्षा घडवून आणणारा माणूस सहकाऱ्यांना प्रिय कसा असेल? खलाशांनी त्याला ‘जिमीलेग्ज’ असे टोपणनाव दिले. हर्मन मेलव्हिलच्या ‘बिली बड’ या लघुकादंबरीतील खलनायक क्लॅगर्ट हाही मास्टर-ॲट-आर्म्सच आहे. १९२१ मध्ये नौदलाने हे स्वतंत्र पद रद्द केले आणि १९७३ मध्ये पुन्हा निर्माण केले.

१२/ या पेशाचे महत्त्व कशामुळे वाढले, हे समजण्यासाठी आपल्याला पुन्हा ‘द सुलिवन्स’कडे यावे लागते. पहिली विनाशिका निवृत्त झाल्यावर १९९७ मध्ये त्याच नावाची दुसरी नौका सेवेत आली. ३ जानेवारी २००० रोजी ती येमेनच्या एडन बंदरात असताना अल कायदाच्या हस्तकांनी स्फोटकांनी भरलेली होडी तिच्या रोखाने पाण्यात उतरवली. भार अति झाल्यामुळे ती होडीच बुडाली. त्या दिवशी कोणाला काही कळलेही नाही. सुलिवन बंधू नौदलात भरती झाले होते तोही ३ जानेवारीच, साल १९४२.

१३/ दुसऱ्या वेळी होडी बुडाली नाही. १२ ऑक्टोबर २००० रोजी त्याच एडन बंदरात इंधन घेण्यासाठी थांबलेल्या ‘कोल’ या विनाशिकेवर तसाच हल्ला झाला. सतरा नौसैनिक ठार झाले, सदतीस जखमी झाले. खोल समुद्रातील बलाढ्य नौका बंदरात किती असहाय असते, हे जगाने पाहिले. त्यानंतरच्या वर्षी ११ सप्टेंबर घडले. मग मास्टर-ॲट-आर्म्सची संख्या अनेक पटींनी वाढवण्यात आली आणि नव्याने भरती झालेली अठरा-वीस वर्षांची मुले-मुली थेट या कामावर जाऊ लागली.

१४/ त्यांचे काम काय? तळाच्या फाटकावर ओळखपत्रे तपासणे, धक्क्यावर पहारा, गस्ती नौका, श्वानपथक, गुन्ह्यांचा तपास, कैद्यांची राखण. प्राथमिक प्रशिक्षण इलिनॉयमधील ग्रेट लेक्स येथे होते आणि पुढचे टेक्सासमधील लॅकलँड येथे, म्हणजे हवाई दलाच्या तळावर! मुलगा गेला नौदलात आणि पोहोचला विमानतळावर, हे कोडे नव्या आईला पडले तर नवल नाही. ते उलगडून सांगायला आधी त्या वाटेने गेलेली दुसरी आईच लागते. आधाराची सुरुवात बहुधा अशा क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नोत्तरांतूनच होते.

१५/ पण मग एक कठीण प्रश्न उरतो. नौदलाकडे कुटुंबांसाठी अधिकृत व्यवस्था नाही काय? आहे. १९७० मध्ये ॲडमिरल एल्मो झुमवाल्ट यांनी कुटुंबांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी ‘ओम्बुड्समन’ योजना आणली. ती सुधारणा क्रांतिकारकच होती. तथापि ती योजली गेली नौसैनिकांच्या पत्नींसाठी. लष्करी कागदपत्रांत ‘कुटुंब’ म्हणजे प्रामुख्याने जोडीदार आणि मुले. अविवाहित एकोणीस वर्षांच्या पहारेकऱ्याची आई त्या चौकटीच्या कडेला उभी असते. माझ्या मते आयांनी स्वतःचे जाळे का विणले, याचे खरे उत्तर येथे आहे.

१६/ सुरक्षाकर्मीच्या आईचा एकटेपणा दुहेरी असतो. ‘तुझा मुलगा तर फाटकावर उभा असतो, त्याला कसला धोका?’ असे लोक म्हणतात. आणि पहाऱ्याच्या वेळा, जागा, व्यवस्था यांबद्दल मुलगा घरीही बोलू शकत नाही. म्हणून या आयांना एकमेकींना एक विचित्र धडा द्यावा लागतो : काय विचारायचे नाही. १९४२ मध्ये जहाजाचे नाव ओठांवर येऊ न देणारी आई आणि आजची आई, दोघींची तपश्चर्या एकच. बातमी हवी असताना बातमी न मागणे.

१७/ फाटकावर कसला धोका, याचे उत्तर २४ मार्च २०१४ च्या रात्री मिळाले. व्हर्जिनियातील नॉरफोक तळावर एक नागरी ट्रकचालक ‘महान’ या विनाशिकेपर्यंत पोहोचला आणि त्याने तेथील पहाऱ्यावरील नौसैनिकाचे पिस्तूल हिसकावले. मास्टर-ॲट-आर्म्स मार्क मेयो हे हल्लेखोर आणि आपला सहकारी यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. सहकारी वाचला, मेयो गेले. वय होते चोवीस. ना रणांगण, ना परदेश; स्वदेशातील, जगातल्या सर्वांत मोठ्या नौदल तळाचा धक्का. मरणोत्तर पदक मिळाले, पण पदकाने घर भरत नसते.

१८/ याच पेशातील दुसरे नाव मायकल मॉन्सूर यांचे. पद मास्टर-ॲट-आर्म्सचे, नेमणूक ‘सील’ कमांडो पथकात. २९ सप्टेंबर २००६ रोजी इराकमधील रमादी येथे छतावर पडलेल्या हातबाँबवर त्यांनी स्वतःला झोकून दिले आणि साथीदार वाचवले. एप्रिल २००८ मध्ये त्यांचे सर्वोच्च शौर्यपदक आई-वडिलांनी स्वीकारले. २०१६ मध्ये त्यांच्या नावाच्या विनाशिकेचे नामकरण झाले, ते त्यांच्या आईच्या, सॅली मॉन्सूर यांच्या हस्ते.

१९/ १९४३ मध्ये अलेटा, २०१६ मध्ये सॅली. मुलाचे नाव धारण करणारे जहाज आई आशीर्वाद देऊन पाण्यात सोडते, हे दृश्य भव्य आहे. राज्यसंस्थेला आई अशा समारंभात हवी असते. प्रश्न मधल्या दिवसांचा आहे. पत्र येत नाही ते आठवडे, फोन लागत नाही त्या रात्री, ‘जहाजावर काहीतरी झाले’ एवढीच बातमी असते ते तास. त्या दिवसांत व्यासपीठ नसते आणि बँड वाजत नसतो. असते ती दुसऱ्या गावातली, बहुधा कधीच न भेटलेली, दुसरी आई.

२०/ सातारा, कोल्हापूर, सांगली किंवा कोकण येथील वाचकांना हे सारे परके वाटणार नाही. आपल्याकडेही गावोगावी अशी घरे आहेत. सैनिकांच्या इतिहासाला दफ्तरे असतात. त्यांच्या आयांचा इतिहास पत्रांच्या गठ्ठ्यांत आणि ट्रंकेच्या तळाशी असतो. आपल्या घरात किंवा शेजारी अशी एखादी आई, आजी असेल, तर तिच्याशी जाऊन बोला. मुलगा सीमेवर किंवा समुद्रावर असताना तिच्यापाशी कोण येऊन बसत असे, हे विचारा आणि लिहून ठेवा.

२१/ वॉटर्लूची ती दुसरी आई कोण होती, याकडे या कथेत कोणी फारसे वळून पाहत नाही. तिच्या हाती मुलाचे पत्र होते, म्हणजे तिचा मुलगा जिवंत होता. तरीही ती शेजारणीच्या दारात अशुभ वार्ता घेऊन गेली, कारण अंधारात ठेवण्यापेक्षा सांगणे बरे, हे तिला कळत होते. सेनापतींच्या चरित्रांइतकेच अशा पावलांना इतिहासात स्थान असावे, असे मला वाटते. धागा येथे संपवतो.